हुकमाचे दोन भाग : थेट प्रक्षेपणाच्या दिवशी शिकलेला धडा

कॅडेट मित्रांनो, यंदा शाळेच्या स्टुडिओतून झालेल्या अर्ध्या तासाच्या थेट कार्यक्रमाचे दिग्दर्शन माझ्याकडे होते. पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कोणाकडे तरी येईल. म्हणून ते कसे करतात आणि त्यात मी कुठे चुकलो, हे दोन्ही लिहून ठेवत आहे. पालकांनाही त्या संध्याकाळी पडद्यावर तीन सेकंद जे विचित्र दृश्य दिसले, त्याचा खुलासा इथे मिळेल.

दिग्दर्शकाच्या हातात काय असते?

खरे सांगायचे तर काहीच नसते. कॅमेरा तिसऱ्याच्या हातात, बटणे चौथ्याच्या, आवाजाचे मिक्सर पाचव्याच्या. दिग्दर्शक काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये हेडसेट लावून बसतो. त्याच्याकडे असतो तो फक्त आवाज.

आमचा स्टुडिओ म्हणजे जुना वर्ग. भिंतींना जाड पडदे, वर दिवे आणि तीन कॅमेरे. मधला कॅमेरा एक दोघांना एकत्र दाखवतो. डावीकडचा दोन उजवीकडे बसलेल्या पाहुण्याचा चेहरा घेतो आणि उजवीकडचा तीन डावीकडच्या निवेदकाचा. तिन्ही कॅमेरे बोलणाऱ्या दोघांच्या एकाच बाजूला ठेवायचे. एक जरी पलीकडे गेला, तर समोरासमोर बसलेली माणसे पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि ती एकमेकांशी बोलत आहेत असे वाटत नाही.

कंट्रोल रूममध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगळे दिसते. त्यांतले कोणते बाहेर जाणार, ते व्हिजन मिक्सरवर बसलेला कॅडेट माझ्या सांगण्यावरून बदलतो. ज्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर चालले आहे, त्याच्यावर लाल दिवा लागतो. फ्लोअर मॅनेजर स्टुडिओत उभा राहून निवेदकाला हाताच्या खुणांनी वेळ सांगतो. एक कॅडेट माझ्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसतो. आमच्या अकरा जणांत मराठी बोलणारा मी एकटाच होतो. त्यामुळे हुकूम थोडे, ठरलेले आणि सगळ्यांना सारखे कळणारे असावे लागले.

‘तयार’ आणि ‘टेक’

हे हुकूम मला ड्रिलच्या मैदानामुळे लवकर समजले. उस्ताद ‘दाहिने… मुड़’ म्हणतात, तेव्हा ‘दाहिने’ लांबवतात आणि ‘मुड़’ तोडून म्हणतात. पहिला भाग काय करायचे ते सांगतो, दुसरा कधी करायचे ते. मधल्या क्षणात अख्खी स्क्वॉड मनाने वळून बसलेली असते. उस्तादांनी नुसतेच ‘मुड़’ म्हटले, तर निम्मी मुले डावीकडे वळतील, आणि दोष मुलांचा नसेल.

स्टुडिओतही तसेच. ‘तयार दोन’ म्हटले की कॅमेरा दोनवरचा कॅडेट फोकस बघतो, हात स्थिर करतो आणि मिक्सरवरचा कॅडेट दोनच्या बटणावर बोट ठेवतो. ‘टेक दोन’ म्हटले की चित्र बदलते. ‘तयार’ न म्हणता ‘टेक’ म्हणायचे नाही, हा पहिला नियम. तो मी सरावात पन्नास वेळा पाळला आणि प्रक्षेपणात एकदा मोडला.

उलटी मोजणी

१८.३० ला फॉल-इनची घंटा होते, म्हणून कार्यक्रम १८.३०.०० ला संपलाच पाहिजे. शेवटी राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात आणि ते मध्येच तोडता येत नाही. म्हणून वेळ शेवटाकडून मोजायची.

राष्ट्रगीतानंतर ८ सेकंद शाळेचे चिन्ह, म्हणजे राष्ट्रगीत १८.२९.०० ला सुरू. त्याआधी निवेदकाचा निरोप ३० सेकंद, म्हणजे १८.२८.३०. त्याआधी २ मिनिटांची प्रश्नमंजूषा : १८.२६.३०. त्याआधी विज्ञान मंडळाच्या मॉडेलचे ६ मिनिटांचे प्रात्यक्षिक : १८.२०.३०. त्याआधी सहावीत नव्याने आलेल्या कॅडेटची ९ मिनिटांची मुलाखत, म्हणजे ती १८.११.३० ला सुरू. हा तक्ता हातात असला की कोणत्याही क्षणी आपण किती पुढे किंवा मागे आहोत, ते एका वजाबाकीत कळते.

तक्त्यात आणखी एक नोंद होती : मुलाखत संपण्याच्या दोन मिनिटे आधी, १८.१८.३० ला, कॅमेरा तीन आपली जागा सोडून मॉडेलच्या टेबलाकडे जाईल. ही नोंद मीच माझ्या हाताने लिहिली होती.

१८ वाजून १८ मिनिटे

सकाळी दोन सराव चांगले झाले. १८.०० ला कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मेसमधल्या पडद्यावर तो लगेच दिसत होता आणि पालकांच्या मोबाइलवर इंटरनेटमार्गे काही सेकंद उशिरा. माझे आई-बाबाही गावी मोबाइल समोर ठेवून बसले होते.

सहावीचा कॅडेट छान बोलत होता. मच्छरदाणी बांधायला कसा शिकला, पहिल्या दिवशी बुटांची नाडी कशी चुकली, हे सांगताना स्वतःच हसत होता. मग निवेदकाने कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला : “आई बघत असेल. तिला काही सांगशील?”

मुलगा थांबला. ओठ हलले, शब्द येईना. डोळे भरले. बाहेर जात होते कॅमेरा दोनचे चित्र : पडदाभर त्याचा चेहरा.

मला एवढेच सुचले की हा चेहरा आता सगळ्यांसमोर ठेवायचा नाही. विचार बरोबर होता, हुकूम चुकीचा. मी ओरडलो, “टेक तीन!” तयार नाही, काही नाही. मिक्सरवरच्या कॅडेटने हुकूम पाळला. कॅमेरा तीन तक्त्याप्रमाणे टेबलाकडे निघालेला होता. त्यामुळे बाहेर गेले ते फरशीचे, केबलच्या वेटोळ्यांचे आणि कोणाच्या तरी बुटांचे हलते चित्र. तीन सेकंद. आपल्याकडे टीव्हीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे असते, म्हणजे ७५ चौकटी बूट.

पुढची चूक त्याहून मोठी. टॉकबॅकवर मी कॅमेरा तीनवरच्या दहावीच्या कॅडेटला झापले. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. टॉकबॅक सगळ्यांच्या कानात असतो. तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकदम थरथरली. माझ्याकडे फक्त आवाज होता, आणि तोच मी बिघडवला.

सावरले ते फ्लोअर मॅनेजरने. कोणी न सांगता त्याने निवेदकाला हाताने ‘सावकाश’ अशी खूण केली आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवले. शेजारचा स्टॉपवॉचवाला शांतपणे म्हणाला, “एक स्थिर आहे.” मी श्वास घेतला. “तयार एक… टेक एक.” दूरच्या चित्रात निवेदकाने मुलाला पाणी दिले. तो प्यायला आणि म्हणाला, “मी रोज दूध पितो, एवढंच सांगायचं होतं.” मेसमध्ये हशा पिकला, तो आमच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

४० सेकंद आणि ५२ सेकंद

मुलाखत १८.२१.१० ला संपली. आम्ही ४० सेकंद मागे होतो. प्रात्यक्षिक घाईने उरकता येत नव्हते, राष्ट्रगीताला हात लावायचा नव्हता. म्हणून प्रश्नमंजूषा २ मिनिटांवरून १ मिनिट २० सेकंदांवर आणली. प्रात्यक्षिक चालू असतानाच फ्लोअर मॅनेजरला सांगितले : शेवटचा प्रश्न गाळा. या वेळी सूचना आधी दिली, अंमल नंतर. १८.२८.३० ला निरोप, १८.२९.०० ला राष्ट्रगीत.

कॅमेरे ट्रायपॉडवर घट्ट करून कॅमेऱ्यावरचे कॅडेट सावधान उभे राहिले. कंट्रोल रूममध्ये आम्हीही उभे राहिलो. त्या ५२ सेकंदांत मला कोणताही हुकूम द्यायचा नव्हता. काचेतून मला कॅमेरा तीनवरचा कॅडेट दिसत होता. ताठ उभा, चेहरा लाल.

आढावा

दिवे बंद झाल्यावर आमच्या सरांनी सगळ्यांना गोल बसवले आणि मला एकच प्रश्न विचारला, “कॅमेरा तीनची चूक काय होती?” मी तक्ता पाहिला. १८.१८.३० : कॅमेरा तीन टेबलाकडे. माझेच अक्षर. मी म्हणालो, “काही नाही, सर. तो जिथे असायला हवा होता, तिथेच होता.”

सर पुढे काही बोलले नाहीत. एकट्याला गाठून माफी मागणे मला सोपे गेले असते. पण झापले होते अकरा जणांच्या कानात, म्हणून माफीही अकरा जणांसमोर मागितली. तो कॅडेट एवढेच म्हणाला, “पुढच्या वेळी ‘तयार’ म्हणा, सर. मी थांबेन.”

नंतर सरांनी मुलाच्या चेहऱ्याबद्दलही विचारले. तो चेहरा धरून ठेवला असता तर लोकांनी डोळे पुसले असते, कार्यक्रम गाजला असता. पण मुलाखतीला आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे रडू आपल्या कामाला लावायचे नसते. तिथून बाहेर पडण्याचा माझा निर्णय सरांनाही पटला. चुकली ती पद्धत.

पुढच्या दिग्दर्शकासाठी

१. ‘तयार’ शिवाय ‘टेक’ नाही. घाई असेल तेव्हा तर नाहीच.

२. एक कॅमेरा नेहमी दूरच्या स्थिर चित्रावर ठेवा. अडचणीत तिथेच परत या.

३. वेळ शेवटाकडून मोजा, आणि कार्यक्रमातला कोणता भाग कापता येईल ते सकाळीच ठरवा.

४. चूक झाली की टॉकबॅकवर फक्त पुढचे चित्र सांगा. कोणाची चूक, हे दिवे बंद झाल्यावर.

५. तक्ता तुम्ही लिहिला असेल, तर तो सगळ्यांत आधी तुम्ही पाळा.

भारतात दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. तेव्हापासून यंत्रे पार बदलली. थेट कार्यक्रमात बाहेर गेलेले चित्र मात्र अजूनही परत घेता येत नाही, आणि तोंडातून गेलेला हुकूमही.

रविवारी घरी फोन लावला. बाबांना कार्यक्रम आवडला होता. त्यांनी एकच शंका काढली : “मध्ये ते बूट कोणाचे होते रे? पॉलिश झकास होतं.”

मी सांगितले, “कॅमेरा तीनचे. चूक माझी होती.”