शेतातील माती शेतातच राहावी
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या परिसर व विज्ञान पाठाकरिता)

पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या सरीनंतर गावचा ओढा गढूळ होऊन वाहू लागतो. त्या पाण्याबरोबर जमिनीचा वरचा, सर्वांत कसदार थर वाहून जात असतो. खडक झिजून बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उतारावरील उघड्या शेतातून ती एका पिढीच्या देखत नाहीशी होऊ शकते. माती गेली म्हणजे जमिनीत पाणी साठत नाही व घातलेले खतही टिकत नाही.

हा विचार पुण्यास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा संबंध जमिनीच्या घटत्या कसाशी जोडला आहे. जंगलखात्याने गायराने घेतल्याने गुरे घटली व खत कमी झाले, हे त्यांनी दाखविले. सरकारने लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधवून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीनाल्यास मिळेल. तसेच तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊ द्यावा, असे त्यांनी सुचविले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा गाभाही गाळ शेतात परत नेणे हाच आहे.

प्रयोग : सारख्या आकाराचे तीन पत्र्याचे ट्रे घेऊन त्यांत शेतातील एकाच जागेची माती भरावी. पहिल्यातील माती उघडी ठेवून बोटाने उताराच्या दिशेने सऱ्या ओढाव्यात. दुसऱ्यात सऱ्या उतारास आडव्या ओढाव्यात. तिसऱ्यात माती हरळीने किंवा पालापाचोळ्याने झाकावी. तिन्ही ट्रे एका बाजूस विटेवर टेकवून, खालच्या टोकाशी काचेचे भांडे ठेवावे. प्रत्येकावर झारीने सारख्या उंचीवरून तांब्याभर पाणी घालावे. भांड्यांतील पाणी तासभर निवू द्यावे व तळाशी बसलेला गाळ मुलांकडून मोजवून घ्यावा. कोणत्या ट्रेतून पाणी उशिरा आले, हेही लिहून घ्यावे.

चर्चेचे प्रश्न : (१) नांगरट उतारास आडवी का करावी? (२) बांधावर गवत का राखावे? (३) बांधास सांडवा न ठेवल्यास काय होईल? (४) काढणीनंतर धसकटे जाळण्यापेक्षा शेतात कुजविणे हिताचे का?

शिक्षकांस सूचना : उघडीप पाहून मुलांना जवळच्या शिवारात न्यावे. उघडी पडलेली झाडांची मुळे, घळी व बांधाशी अडलेला गाळ त्यांना दाखवावा. ओढ्यास पूर असताना मुलांना तेथे नेऊ नये. पाहिलेल्या गोष्टी मुलांनी घरी वडीलधाऱ्यांस सांगाव्यात व आपल्या शेतातील माती कोठून वाहते, हे त्यांना विचारून यावे. पुढील तासाचा आरंभ त्या उत्तरांनी करावा. शेतावर बांध घालणारे हात घरीच आहेत. पाठ तेथवर पोहोचला तरच त्याचे सार्थक होईल.