बटण दाबल्यानंतर

चि. सायली हिस,


शनिवारी रात्री स्नॅपशॉटवरून नवं क्लस्टर उभं करायचंय आणि साहेब म्हणतात, बटण दाबलं की झालं. अगं, बटण दाबल्यावर तर कामाला सुरुवात होते!

ॲमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसात चालू क्लस्टरवर स्नॅपशॉट चढवता येत नाही. दरवेळी नवं क्लस्टर तयार होतं, नव्या एंडपॉइंटसकट. डेटा येतो, बाकीचं बिऱ्हाड तुलाच हलवावं लागतं. पॅरामीटर ग्रुप आणि सिक्युरिटी ग्रुप स्वतः सांगितले नाहीस, तर डीफॉल्ट लागतात. कमांड लाइनवरून करणार असशील तर आणखी एक गंमत आहे: रिस्टोअरची कमांड नुसतं क्लस्टर बनवते, इन्स्टन्स तुला वेगळा तयार करावा लागतो. स्क्रीनवर ‘अव्हेलेबल’ दिसतं, कनेक्शन काही लागत नाही आणि नवखा माणूस पासवर्ड तपासत बसतो. स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला द्यायचा असेल, तर एन्क्रिप्शनची की आधी बघ. ॲमेझॉनच्या डीफॉल्ट कीने बंद केलेला स्नॅपशॉट शेअर होत नाही. आपल्या कीने त्याची कॉपी काढावी लागते.

आणि रिस्टोअर आधी करून बघितलं नाही तर काय होतं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत जे झालं, ते त्यांनी स्वतःच जगजाहीर केलं आहे. सवड काढून वाच. रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली, तिथपर्यंत ठीक, माणूस आहे. पण बॅकअप शोधायला गेले तर बकेट रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६, डम्प काढणारं टूल ९.२ चं, रोज काम फसत होतं. फसल्याच्या मेलही जात होत्या, पण सही नसल्याने पलीकडचा सर्व्हर त्या नाकारत होता. रिस्टोअर नियमाने करून बघायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. वाचले ते सुमारे सहा तास आधी, स्टेजिंगसाठी म्हणून हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. आणि तोही संथ डिस्कवरून कॉपी व्हायला तासन्‌तास लागले.

म्हणून शनिवारची वाट बघू नकोस. बुधवारी रंगीत तालीम कर आणि घड्याळ लाव; साहेबांना अंदाज नको, आकडा दे. क्लस्टर उठलं की ऑर्डरच्या टेबलातली शेवटची नोंद किती वाजताची आहे ते बघ, रो मोज, ॲपचा युजर वापरून एखादी नोंद घालून बघ. ॲप जोडण्याआधी त्याचे शेड्यूल केलेले जॉब बंद कर, नाहीतर तालमीच्या क्लस्टरवरून खऱ्या ग्राहकांना बिलांच्या मेल सुटतील.

तालीम झाली की ते क्लस्टर काढून टाक, बिल चढत असतं. मात्र डिलीट करताना शेजारी कोणालातरी बसव आणि क्लस्टरचं नाव त्याला मोठ्याने वाचायला लाव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा