राजाची कबर आणि पौलाची पाटी

आजचं वाचन : २ करिंथ ११:३०-३३



पवित्र भूमीच्या सहलीत आम्ही एक दिवस जॉर्डनमधल्या पेट्राला गेलो होतो. उंच कड्यांमधल्या अरुंद घळीतून सव्वा किलोमीटर चालल्यावर एकदम समोर येते ती 'अल् खजना', गुलाबी वालुकाश्माच्या कड्यात कोरलेली, सुमारे ४० मीटर उंच. नाव खजिन्याचं, पण आहे ती कबर. वरच्या कलशात धन आहे असं समजून बदाऊनी लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. खुणा अजून दिसतात. कलश मात्र भरीव दगडाचा!

ही कबर नबाती राजा चौथा अरीतास (इ.स.पू. ९ ते इ.स. ४०) याची असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. नाव ऐकून मी चमकलो. आजच्या वाचनातला अरीतास तो हाच! याच्याच अधिकाऱ्याने पौलाला धरायला दिमिष्कात पहारा बसवला होता.

आणि पौल? रात्री पाटीत बसून, तटाच्या खिडकीतून खाली उतरून निसटला. ज्या शहराकडे तो अधिकारपत्रं घेऊन निघाला होता, तिथून असा बाहेर पडला. किती लाजिरवाणं! पण दुर्बळतेचाच अभिमान बाळगीन असं सांगून तो लगेच हीच आठवण लिहितो.

मला हे फार लागलं. दोन वर्षांपूर्वी २८ वर्षांची नोकरी संपली, तेव्हा मला ना निरोप समारंभ, ना हार. डबा आणि छत्री घेऊन मी बाहेर पडलो. घरी बायकोला म्हटलं, "मीच नको म्हणालो." ते खोटं होतं. त्या कबरीसमोर उभं राहून तिला खरं सांगितलं.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते."

एवढ्या मोठ्या कबरीवर राजाचं नाव कुठेच कोरलेलं नाही. पौलाच्या पाटीची गोष्ट मात्र आपण आजही वाचतो. त्या रात्री दोर धरणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांनी तो घट्ट धरला. माझा दोर कोणी धरला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

आज स्वतःला विचारू या : मी कोणती पाटी लपवतोय? आणि माझा दोर कोण धरून आहे?

प्रार्थना : प्रभू येशू, माझी दुर्बळता लपवायला मी दगड कोरत बसू नये. मला खरं बोलायचं धैर्य दे, आणि दोर धरणाऱ्यांना आशीर्वाद दे. आमेन.