कबर शोधण्याआधी मंडळी शोधा

प्रश्न : आमचे खापरपणजोबा नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले आणि 1890च्या सुमारास वारले. त्यांना कुठे पुरले, हे कसे शोधावे?

उत्तर : थेट दफनभूमीत जाऊन दगड वाचत बसू नका. गरीब घरातल्या माणसाच्या कबरीवर बहुधा मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, एवढेच असे. ते दोन-चार पावसाळ्यांत जाते. आधी खापरपणजोबा कोणत्या मंडळीचे (चर्चचे) होते, ते ठरवा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून, पण जिल्ह्यात अँग्लिकन आणि कॅथलिकही होते. नोंदवह्या ज्या त्या मंडळीकडे. पाळकांना भेटून बाप्तिस्मा, सभासद आणि दफन अशा तिन्ही वह्या मागा. दफनाची वही हरवली असली, तरी सभासदांच्या यादीत नावापुढे ‘मरण’ आणि तारीख सापडू शकते. मग 1842 पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे त्या वर्षांचे अंक चाळा, त्यात मृत्युवार्ता येत. अमेरिकन मिशनची जुनी कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नाव बाप्तिस्म्याआधीचे की नंतरचे, आडनाव की गावाचे नाव, सगळे पर्याय धरून पाहा. वहीत फक्त गाव मिळाले, तर तिथल्या म्हाताऱ्यांना जुनी दफनभूमी विचारा. ती हल्लीचीच असेल असे नाही.