कबुतराची अंडी दोनच : हंगामात खर्च कशावर करावा

पाऊस ओसरून ऑक्टोबरची उन्हे पडली की ढाबळीत नव्या जोड्या लावायची घाई सुरू होते, आणि अंडी वाढवायची कशी हा प्रश्नही हमखास निघतो. दिवे, खाद्य आणि निवडक जात यांच्या जोरावर कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, मग कबुतरीने एका वेळी दोनावरच का थांबावे? माझे मत असे की एका वेळची अंडी वाढवण्यासाठी केलेला खर्च वायाच जातो. अंडी दोन हे घरट्यात नव्हे, अंडाशयात ठरते. वाढवता येतात त्या वर्षभरातल्या खेपा आणि प्रत्येक खेपेत जगणारी पिल्ले.

नर मान फुगवून घुमू लागला, मादीभोवती फेर धरू लागला की नुसते ते पाहण्याऐकण्याने मादीच्या मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला जागे करणारी संप्रेरके सोडते. हॅरिसन मॅथ्यूज या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवून दिले की काचेपलीकडे दुसरे कबूतर दिसले, इतकेच काय, आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी एकटी मादी अंडी घालते. अंडाशयातून इस्ट्रोजेन सुटते. त्याच्या जोरावर यकृत बलकाचा माल तयार करते आणि हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा साठा होतो. या काळात झपाट्याने वाढतात ते साधारण दोनच बलक. जोडी जमल्यावर आठ-दहा दिवसांत पहिले अंडे संध्याकाळच्या सुमारास पडते आणि दुसरे त्यानंतर ४० ते ४४ तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी. पहिले अंडे उचलून घेतले तरी मादी दुसरे घालते आणि थांबते. कोंबडीची अंडी उचलत गेलो की ती घालतच राहते. कबुतरीत ही सोय नाही.

पुढचे काम प्रोलॅक्टिनचे. अंड्यांवर बसलेल्या नर आणि मादी दोघांच्याही रक्तात ते वाढते, अंडाशयाला विश्रांती देते आणि आठवडाभरात गळ्यातल्या अन्नपिशवीचे अस्तर जाड करू लागते. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर येते तेव्हा हेच अस्तर सुटून दुधासारखा, प्रथिने आणि चरबीने भरलेला लगदा तयार असतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी या संप्रेरकाला नाव दिले तेही कबुतराच्या अन्नपिशवीवरच्या प्रयोगांतून. कोंबडीचे खुडूक बसणे याच संप्रेरकाचे काम. लेगहॉर्नसारख्या जातींत निवडीने खुडूकपणा जवळजवळ घालवता आला, कारण उबवणीचे काम यंत्र करते आणि कोंबडीचे पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खाते. कबुतराचे पिल्लू आंधळे, उघडे आणि पहिले काही दिवस त्या दुधावरच जगणारे. अंडी थांबवणारे संप्रेरकच पिल्लाला पोसते. ते दाबणारी औषधे किंवा इंजेक्शने ढाबळीत आणणे म्हणजे पिल्लाचा घास काढून घेणे.

पिढ्यान्‌पिढ्या निवड केली तर फरक पडेल, असेही सुचवले जाते. आनुवंशिकतेची ताकद कबुतरात कमी नाही. रानपारव्याच्या शेपटीत १२ पिसे, तर लक्क्याच्या शेपटीत निवडीने ३० ते ४० झाली. तरी लक्काही दोनच अंडी घालतो. हौशी लोकांनी अंड्यांसाठी निवड केलीच नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण मांसासाठी वाढवलेल्या किंग आणि कार्नो जातींत तर जास्त पिल्ले हाच हेतू होता. तिथेही वजन वाढले, खेपांतले अंतर कमी झाले. एका खेपेची अंडी दोनच राहिली. म्हणून निवड करायची ती अंतरावर. चांगली जोडी पिल्ले दोन-तीन आठवड्यांची असतानाच पुन्हा अंड्यावर येते, तेव्हा प्रत्येक जोडीला दोन घरटी हवीत. नराची निवडही रंगावर करू नये. तो अंडी घालत नाही, पण त्याबद्दलची जनुके मुलींना देतो; त्याची आई आणि बहिणी कशा होत्या ते पाहावे. रंग टिकवण्यासाठी भावाबहिणींची जोडी लावणाऱ्यांकडे वांझ अंडी आणि कवचातच मेलेली पिल्ले वाढतात.

अंडी काढून घेतली की जोडी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते, हे खरे. चीनमधल्या मोठ्या फार्मवर या युक्तीला यंत्रातली उबवणी जोडतात आणि पिल्ले दुसऱ्या जोड्यांच्या हवाली करतात. पण तिथे त्याच दिवसांत दूध आलेल्या जोड्या शेकड्यांनी तयार असतात. दहा-वीस जोड्यांच्या ढाबळीत तसे जमत नाही. पाच दिवस बसलेल्या जोडीखाली उबत आलेली अंडी सरकवली तर पिल्ले निघतील तेव्हा तिच्या अन्नपिशवीत दूध नसेल. दोन्ही जोड्यांच्या अंड्यांत एक-दोन दिवसांचाच फरक असेल तेव्हाच अदलाबदल करावी. शिवाय दर खेपेला कवचाचे कॅल्शियम मादीच्या हाडांतूनही जाते. ते भरून निघाले नाही की कवच पातळ पडते, अंडे अडकते आणि मादी दगावते.

दिव्यांबद्दलही बोलले पाहिजे. महाराष्ट्रात जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकरा तासांचा. दिवा लावून दिवस चौदा तासांचा केला तर थंडीत मंदावलेली जोडी लवकर अंड्यावर येऊ शकते, पण अंडी दोनच मिळतील. पिसे गळत असताना तर दिवा लावूच नये. पंखातल्या दहा मोठ्या पिसांपैकी सर्वांत बाहेरचे दहावे पूर्ण भरले की मगच जोडी लावावी. दाण्यात ज्वारी, बाजरी, मका यांच्या जोडीला हरभरा, मूग किंवा वाटाणा असू द्यावा आणि शिंपल्यांचा चुरा बारमाही वेगळ्या भांड्यात ठेवावा. घरट्यात कधी चार अंडी दिसली तर तो खाद्याचा गुण समजू नका. बहुधा दोन माद्याच जोडी करून बसलेल्या असतात आणि ती चारही अंडी वांझ निघतात. अशा माद्या वेगळ्या करून प्रत्येकीला नर द्या, आणि आजपासून प्रत्येक जोडीची अंड्यांची तारीख व जगलेली पिल्ले वहीत लिहायला लागा.