मांजर मांसाहारी, मग नुसतं चिकन का पुरत नाही?

प्राण्यांचा आहार शिकवताना आपण फळ्यावर शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन रकाने करतो. मांजर दुसऱ्या रकान्यात लिहितो आणि पुढे जातो. मीही हेच करत आले होते. मागच्या पावसाळ्यात वर्गातली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आमच्या पिल्लाचा पाय मोडला. मी नीट उचललं नाही म्हणून आई ओरडली."

पिल्लू जेमतेम चार महिन्यांचं, पडलं तेही खुर्चीवरून. एवढ्याशा उंचीवरून मांजराचा पाय मोडतो का? पशुवैद्यांनी एक्स-रे काढला आणि पहिला प्रश्न विचारला, खायला काय देता? उत्तर होतं : उकडलेलं बिनहाडाचं चिकन, कधीतरी कलेजी. लाडाने, रोज.

आपल्या रत्नागिरीत हे पावसाळ्यात सहज घडतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याच्या बोटी किनाऱ्याला लागतात. एरवी मांजराला बांगड्याचं डोकं, काटे, अख्खी मांदेली असं काहीबाही मिळतं. ते बंद झालं की चिकन येतं. (सुकी मासळी घालणारेही आहेत, पण तिच्यातलं मीठ मांजराला फार होतं.)

आता मूळ मुद्दा. उंदीर पकडलेलं मांजर नुसतं त्याचं मांस खात नाही, हाडांसकट उंदीर खातं. कॅल्शियम असतं त्या हाडांत. मांजराच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस जवळजवळ सारखे, कॅल्शियम किंचित जास्त असं लागतं. नुसत्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या 15 ते 20 पट असतो. कलेजीतही कॅल्शियम नाहीच, शिवाय ती रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन मानेची, पाठीची हाडं आखडतात.

रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. घरखर्चाला कमी पडलं की आपण बँकेतली ठेव मोडतो, तसंच. वाढत्या पिल्लाची ठेव मुळात लहान, म्हणून काही आठवड्यांतच हाडं पातळ होतात. पिल्लू लंगडतं, उडी मारत नाही, उचललं की ओरडतं. आपल्याला वाटतं लागलंय.

म्हणजे त्या मुलीचा काही दोष नव्हता. मी तिच्या आईला फोन करून हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. पिल्लाला काही आठवडे पिंजऱ्यात शांत ठेवलं, पिल्लांसाठीचं संपूर्ण आहार असलेलं खाद्य सुरू केलं. आता ते चालतं, मागचा पाय जरासा वाकडा राहिलाय.

पालकांनी एक गोष्ट मात्र करू नये : आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालणं. प्रमाण चुकलं तर तेही बाधतं. डॉक्टरांना विचारूनच द्यावं. दुधावरही भिस्त नको, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. शिजलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

लोहाचंही पाहून ठेवा. अंगावर पिसवा फार झाल्या की त्या रक्त पितात, आणि लहान पिल्लाच्या अंगातलं लोह त्या रक्ताबरोबर जातं. ओठ हळूच वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, पिल्लू माती चाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

वर्गासाठी एक प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, व्हिनेगर एक-दोनदा बदला. आठवड्याभरात त्यातलं कॅल्शियम विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. आमच्या वर्गात ते सगळ्यांत आधी त्या मुलीने हातात घेतलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आमच्या पिल्लाचं असंच झालं होतं ना?"