बाळंतिणीची डोकेदुखी अंगावर काढू नका

प्रश्न : माझी वहिनी सुखरूप बाळंत झाली. नवव्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं. जागरणामुळे असेल, असं वाटलं. मग फिट आली. मेंदूच्या शिरेत गुठळी असून थोडा रक्तस्रावही झाल्याचं तपासणीत दिसलं. तरीही डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली. रक्तस्राव असताना हे औषध कसं चालतं?
– एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मेंदूतलं रक्त शिरांवाटे हृदयाकडे परततं. त्या वाटेत गुठळी झाली की तुंबलेल्या मोरीसारखं रक्त मागे साचतं, दाब वाढतो आणि बारीक शिरांतून रक्त झिरपतं. इथे रक्तस्राव हा गुठळीचा परिणाम असतो. हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनमुळे गुठळी वाढायची थांबते आणि शरीराला वाट मोकळी करायला सवड मिळते. १९९१ मध्ये जर्मन डॉक्टरांनी २० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेपारिन दिलेल्या १० पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, न दिलेल्या १० पैकी एकच. मात्र रक्तदाब वाढून धमनी फुटली असेल, तर हे औषध घातक ठरू शकतं. म्हणूनच आधी एमआरआय आणि शिरांचा व्हेनोग्राम करतात. हेपारिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.

प्रसूतीत रक्त फार जाऊ नये म्हणून गरोदरपणातच रक्ताची गोठण्याची क्षमता वाढते. ती पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्यात सिझेरियन, जंतुसंसर्ग, रक्तक्षय किंवा अंगातलं पाणी कमी होणं यांची भर पडली की धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी बेतानं देण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणूनच सोडायला हवी. तिला तहान भागेल इतकं पाणी हवंच.

वहिनींना काही महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतील. त्या मनानं बंद करू नयेत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या त्यांनी टाळाव्यात आणि पुढच्या खेपेला हा आजार डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावा.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत न थांबणारी किंवा एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, फिट, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, किंवा १६०/११० वा त्याहून अधिक रक्तदाब, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि रुग्ण गरोदर किंवा बाळंतीण असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.